अमिषाला मांडव्याहून गाडीवर आणणे

सोमवार, १० नोव्हेंबर
सगळ्यांची विचारपूस केली. बायकोचे, मैनाचे, गुडघे बरे. निकेतचा खोकला उतरला. मांजर थोडं अशक्त. मोटरसायकल आजारी, पुढच्या चाकात जात्यासारखी घरघर. निकेत म्हणाला, बाबा, बेअरिंगं गेली, आता गाडी चौलच्या त्या जुन्या गाड्या घेणाऱ्या गुणाजीला देऊन टाका. पोटचा पोरगा असून असं बोलतो. शेवटी पैज ठरली. रविवारी अमिषा मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरेल. लेक माझ्या गाडीवर बसून थळला घरी आली तर गाडी राहील. नाहीतर गुणाजी.
बेअरिंगं घरीच बदलणार. सोपं आहे.

मंगळवार, ११
चाक काढलं. जुनी बेअरिंगं गंजलेली. निकेत म्हणे, समुद्राच्या पाण्यातून गाडी चालवता म्हणून. खोटं. मी वाळूतून चालवतो. पाणी आपणहून येतं.
व्हिडिओत सांगितलंय, नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा, आकसतं, मग चाकात अलगद बसतं. फ्रीजरमध्ये जागा नव्हती. अमिषासाठी आणलेली पापलेटं तात्पुरती ओट्यावर ठेवली.

बुधवार, १२, सकाळ
लोण्यात सुरी जावी तशी बसली बेअरिंगं. मैना विचारते, पापलेटं कुठं हायत. मांजराची तब्येत सुधारली.

दुपार
चाक बसवलं. एक लोखंडी नळी उरली. कंपनी जास्तीची देत असावी. चाक फिरत नाही. नवी चप्पलसुद्धा आधी चावते.

शुक्रवार, १४
निकेतनं नळी पाहिली. म्हणाला, ही दोन बेअरिंगांच्या मध्ये असते, नाहीतर नट आवळला की चाक जाम. मैना म्हणाली, पोळ्या लाटल्या नि पुरण पातेल्यातच राह्यलं. मी सांगितलं, मला ठाऊक होतं, मुद्दाम वजन कमी केलं.
नट जरा सैल सोडला. चाक सुरेख फिरतं. निकेत अंगणात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला.

रविवार, १६
मांडव्याला निघालो. वाटेत चोंढीपर्यंत झकास. पुढे चाक डुलायला लागलं, मग रुसलंच. गुणाजी टेम्पो घेऊन मागेच होता. योगायोग. गाडी टेम्पोत चढवून मांडव्याला गेलो.
अमिषाला पैजेचं कळलं होतं. ती पुढे केबिनमध्ये बसेना. बाबांचा शब्द खाली पडायला नको, म्हणाली, आणि मागे चढून माझ्या गाडीच्या सीटवर बसली. थळपर्यंत तशीच आली. म्हणजे पैज मी जिंकलो.
दारात आम्ही उतरलो. गाडी उतरवायची मात्र गुणाजीच्या लक्षात राहिली नाही. हाक मारेपर्यंत टेम्पो वळणापलीकडे. मेसेज टाकला आहे: गुणाजीराव, घाईत माझी गाडी तुमच्याकडे राहिली. घरची मंडळी बरी असतील. उत्तर लवकर धाडा.