न अडकलेल्या पानामुळे राहून गेलेला अर्ज

प्रति,
मा. प्राचार्या,
ज्ञानवेल परिचर्या प्रशिक्षण विद्यालय,
बुलढाणा.

अर्जदार : कु. डिंपल तुळशीराम सातव,
रा. धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा.

विषय : मुदतीनंतरचा माझा प्रवेश अर्ज रिक्त जागेसाठी विचारात घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या प्रवेश जाहिरातीतील, तांत्रिक अडचणीमुळे अर्ज भरता न आल्यास सवलत देण्याचे कलम.

महोदया,

मी बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण असून आमच्या घरी भाजीपाल्याची शेती आहे. मागील वर्षी आईच्या पायाची जखम चिघळली होती. दवाखान्यातील सिस्टरांनी शिकविल्याप्रमाणे तिची मलमपट्टी मी घरीच केली. पाय बरा झाला. तेव्हापासून मला परिचर्येचेच शिक्षण घ्यावयाचे होते व घरातही सर्वांना ते माहीत होते.

आपल्या संकेतस्थळावरील अर्ज माझा मोठा भाऊ जीवन याच्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी मिळून भरावयास घेतला. नोंदणीसाठी मोबाईल क्रमांक त्याचाच दिला, कारण मजकडे फोन नव्हता. फोटो चढवताना पान अडकले. पडद्यावर सूचना आली की, पानावरील स्क्रिप्ट प्रतिसाद देत नाही, थांबायचे की पान बंद करायचे. भाऊ म्हणाला, थांबू. ही अडचण खरी होती, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करते.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विचारले, तेव्हा त्याने लॅपटॉप स्वतः लावून दिला आणि पडद्यावर तीच सूचना असायची. मी 'थांबा' हे बटण दाबत असे. काहीही होत नसे. दुसरीकडे जाऊन भरू का, असे विचारले असता त्याने सांगितले की, अर्धवट अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला तर तो बाद होतो. मी विश्वास ठेवला. त्याला माझ्यासाठी बसावे लागते म्हणून त्याच्या वाट्याची फवारणी मी केली व त्याचा चहा नेऊन लॅपटॉपशेजारी ठेवला.

मोताळ्याच्या बाजारात वांगी विकून झाल्यावर मी तेथील अभ्यासिकेत संगणक सांभाळणारे श्री. नागसेन यांना भेटले. त्यांनी समजावून सांगितले की, पानाला काय करायचे ते सांगणाऱ्या सूचनांना स्क्रिप्ट म्हणतात. त्यातील एखादे काम संपतच नसेल तर पान गप्प होते. फोटो फार जड असला तरी असे होते. बाकीची पाने बंद करावीत, ब्राउझरने साठवलेली माहिती पुसावी, त्याला जोडलेली जादा साधने काढावीत, फोटो हलका करावा, असे उपाय त्यांनी सांगितले. मी ते पाठ करून आले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपार टळल्यावर भाऊ वावरात गेलेला असताना मी एकटी लॅपटॉपसमोर बसले. सूचना होतीच. सांगितलेले उपाय करू लागले, पण एकही यादी उघडेना. एकही खूण दाबली जाईना. कोपऱ्यातील घड्याळाकडे लक्ष गेले तर ते सकाळ दाखवत होते. शेवटी एस्केपचे बटण दाबले. तेव्हा अख्खा पडदाच बाजूला झाला आणि त्याच्या मागे आपल्या विद्यालयाचे पान स्वच्छ उघडे होते. महोदया, मी इतके दिवस ज्याच्यावर उपाय शोधत होते तो बिघाड नव्हता. बिघाडाचा फोटो होता. पहिल्या दिवशीची ती सूचना भावाने टिपून ठेवली होती आणि दर वेळी तीच पडदाभर पसरून मला दाखविली होती.

मी लगेच मोबाईल क्रमांक टाकला. ओटीपी भावाच्या फोनवर गेला. घरामागील वावरात धावत जाऊन मी त्याला तेवढा आकडा सांगण्याची विनंती केली. त्याने फोन काढला, आकडा पाहिला आणि फोन पुन्हा खिशात ठेवला. मला म्हणाला, "तू गेली तं वावर कोन पाह्यन? बाजार कोन करन?"

मी म्हटले, "हे तू मले पहिल्याच दिवशी सांगतलं असतं तं मी भांडली असती. फोटो काऊन दाखवला?"

तो खाली वाकून तण उपटू लागला. वडील तेथेच पाणी देत होते. त्यांनी सर्व ऐकले, पाणी पुढच्या सरीत वळविले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांना आधीपासून माहीत होते, हे मला त्यावरून समजले. मुदत त्याच संध्याकाळी संपली.

आता भावाचे म्हणणे असे की, तुझा हट्टच असेल तर अर्जात सर्व्हर बंद होता असे लिही, सवलत मिळून जाईल. आपल्या जाहिरातीत तसे कलम आहे, हे मीही वाचले आहे. परंतु माझी अडचण तांत्रिक नव्हती. फोटो हलका केला असता तर अर्ज त्याच दिवशी गेला असता. ज्या खोटेपणाने माझा अर्ज अडवला, तोच लिहून मला प्रवेश नको आहे. म्हणून संदर्भात ते कलम नमूद करूनही त्याचा लाभ मी मागत नाही. घरच्या माणसाने फसविल्यास काय करावे, असे कलम मला आढळले नाही, म्हणून हा अर्ज.

एक जागा रिक्त असल्याचे आपल्या सूचनाफलकावर वाचले. गुणवत्तेनुसार माझ्यापेक्षा पात्र कोणी असल्यास तिलाच ती द्यावी, माझी तक्रार राहणार नाही. तसे कोणी नसल्यास माझा विचार व्हावा.

आईला हे सर्व नंतर कळले. तिने भावाला एवढेच विचारले, "बहिनीले फोटू दाखवून राह्यला होता तू?" दुसऱ्या दिवशी तिने वांग्याची तोडणी तशीच सोडली आणि मला घेऊन बुलढाण्यात कोकिळा मावशीकडे आली. सध्या मी तेथेच राहते. पालक म्हणून अंगठा देण्यास आई तयार असून हा अर्ज देतेवेळी ती आपल्या कार्यालयाबाहेरील बाकावर बसलेली आहे.

उत्तर नकाराचे असले तरी चालेल. परंतु ते मला स्वतःला बोलावून, समोर सांगावे. मध्ये कोणाच्याही हाती निरोप देऊ नये, ही विनंती.

आपल्या उत्तरासाठी बाहेर थांबलेली,

(सही)
डिंपल तुळशीराम सातव

ठिकाण : बुलढाणा
दिनांक : १७ सप्टेंबर २०२४

सोबत : बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला व हाताने भरलेला प्रवेश अर्ज.