रक्तात उरलेला

३ जून, सोमवार
पोहोचले. खोली छान आहे. पलंग, टेबल, बागेकडे उघडणारी खिडकी. लस दिल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती कशी जागी होते, याचा इथे अभ्यास चालतो. महिनाभर राहायचं, दोन डोस घ्यायचे, अधूनमधून रक्त द्यायचं. जाऊबाई म्हणाल्या होत्या, घरी भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा सुया टोचून घे, तेवढीच माणसं भेटतील. रक्त घेणारी नर्स मोठी बोलघेवडी, सगळे तिला सुईताई म्हणतात. माझी शीर सापडेना तेव्हा म्हणाली, काकू, शिराही तुमच्यासारख्याच, बोलावल्याशिवाय बाहेर येत नाहीत. बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

५ जून, बुधवार
पहिला डोस झाला. दंड जड आहे, बाकी त्रास नाही.

११ जून, मंगळवार
डॉक्टरबाईंनी बोलावलं. मुलगा आहे का, असं विचारलं. माझ्या रक्तात थोड्या पेशी पुरुषाच्या निघाल्या. मूल पोटात असताना त्याच्या पेशी आईत उतरतात आणि वर्षानुवर्षं राहतात, असं त्यांनी समजावलं. मी सांगितलं, एकुलता एक होता, गेल्या हिवाळ्यात गेला, एकोणिसाव्या वर्षी. त्या ओशाळल्या. मी खोलीत येऊन दार लावलं आणि मनगटावर बोट ठेवून बसले. सुईताई जेवायला बोलवायला आली, एकट्या काय बसलात म्हणाली. मी म्हटलं, एकटी नाहीये.

१५ जून, शनिवार
मनगटाजवळ कातडीखाली काहीतरी हलतं. नाडी नव्हे, नाडी मला कळते. मी बोलायला लागले की ते थांबतं. ऐकतं. त्याला सांगितलं, तुझे कपडे अजून कुणाला दिले नाहीत.

१९ जून, बुधवार
दुसरा डोस. सुईताईचा ट्रे दिसताच ते दंडाकडे सरकलं, तिथून काखेत. लहानपणी दवाखान्यात सुई दिसली की तो असाच माझ्या काखेत तोंड खुपसायचा. नको, एवढं म्हणायचं होतं मला. चारचौघांत तोंड उघडत नाही माझं. तोवर टोचून झालं.

२१ जून, शुक्रवार
ताप. डॉक्टरबाई खूश आहेत. शरीर जोमानं लढतंय, परकं ते शोधून काढतंय म्हणाल्या. त्याच्या पेशींचं विचारलं. निम्म्याहून कमी उरल्यात. थांबवा म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. आता लस काही करत नाही, म्हणाल्या, करतंय ते तुमचंच शरीर.

२२ जून, शनिवार
काखेत गाठ. आत दबकं रडणं. तिथून तो पळाला, पोटरीत लपला. तासाभरात पोटरी सुजली. माझंच रक्त त्याच्या मागावर —

तापाची गोळी मागितली. अभ्यास बिघडेल म्हणून देत नाहीत.

२३ जून
गार पाण्याखाली बसले. अंग निवलं की त्याला जरा दम मिळतो. सुईताईनं ओढून बाहेर काढलं. काकू, असं काय करता, म्हणाली. रडत होती ती. तिला कसं सांगू —

२४ जून
पोटरीत नाही. पोटात नाही. हाका मारते —

संध्याकाळ
सापडला. उजव्या हातात, बोटांत. याच्यापुढे जागा नाही.

ताप चढतोय. खांद्यावरून खाली — कोपर —

बाळा, हे मी नाही रे करत. मी नाही —

मनगट —

घाबरू नकोस. आई आहे ना. बोट सोडू नकोस, घट्ट ध