वेगळा तांब्या

शिरूर (घोडनदी)
१३ फेब्रुवारी १९७८

चि. ललिता हिस,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. शाळा बरी आहे. दौंडला तुझी आई आणि माझा भाऊ ज्ञानदेव बरे आहेत. ज्ञानदेवची लोको शेडमधली रात्रपाळी संपली, असं त्याच्या कार्डावरून कळलं. तुझ्या खुशालीबद्दल मात्र तुझ्या चार पानी पत्रातून काहीच कळलं नाही, कारण त्यातली साडेतीन पानं दुसऱ्यांची आहेत.

दौंडच्या दोघींना मेसचं जेवण मानवत नाही. केडगावच्या एकीला प्रोफेसरांचं इंग्रजी कळत नाही. कुणाला चष्मा करून द्यायचा आहे, कुणाला नुसतंच रडू येतं. गॅदरिंगच्या नाटकात वकिलीण तूच, सिंहगडावर जाणाऱ्यांची पुढारीही तूच. आणि शेवटच्या अर्ध्या पानात, खाली, बारीक अक्षरात: 'यंदा एम.ए.ला ड्रॉप घ्यावा म्हणते.'

ड्रॉप! डोळ्यांत घालतात ते मला माहीत होते. वर्ष वाया घालवण्याला पुण्यात एवढं गोंडस नाव आहे, हे माहीत नव्हतं.

हॉस्टेलात चोरून राहणारीला तुम्ही मुली 'पॅरासाइट' म्हणता आणि हसता. मी बावीस वर्षं शास्त्र शिकवते आहे. आम्ही त्याला बांडगूळ म्हणतो, आणि आंब्याला त्यात हसण्यासारखं काही वाटत असेल असं मला वाटत नाही.

तुझं बांडगूळ म्हणजे केंदूरच्या हौसरावांची सारजा. एफ.वाय.ला गेली आणि सारजाची शारदा झाली म्हणे. होईना का. जूनपासून तुझ्या खोलीत, तुझ्या अर्ध्या गादीवर, 'ताई, ताई' करत. हौसराव सोसायटीचे चेअरमन. एवढ्या माणसाला पुण्यात मुलीची सोय करता येत नाही, यावर तू विश्वास ठेवलास. मी ठेवलेला नाही.

काल ते माझ्याकडे आले होते. पायरीवरच बसले.

"बाई, तुमची ललिता हाय म्हून पोर पुण्यात हाय. न्हाईतर कवाच माघारी आणली असती."

"चहा ठेवते."

"नगं, नगं. आत्ताच झाला स्टँडवर."

माझ्या दाराशी येणाऱ्या असल्या सगळ्या मंडळींचा चहा आत्ताच स्टँडवर झालेला असतो. त्या हॉटेलवाल्याने एव्हाना माडी बांधायला हवी होती.

"परीक्षेच्या वक्ताला ललितालाच सारजापाशी बसू द्या. पोर भित्री हाय. इंग्रजी म्हनलं की थरथरती."

"ललिताचीही परीक्षा आहे, हौसराव."

"तिला काय हो! ती हुशार हाय. तिचं हुतंय."

उठताना आणखीही एक वाक्य बोलले. ते लिहिण्यासारखं नाही.

मागल्या महिन्यात खोली बघून आलो म्हणाले. तू मला ते कळवलं नाहीस. नाटकातली भाषणं कळवतेस आणि हे नाही. का, ते लिही. वेळ पुरत नाही, हे उत्तर चालणार नाही. तुझ्यासारखीला वेळ पुरतो. दुसरं काहीतरी आहे.

तुझी आत्या

❖

शिरूर
५ मार्च १९७८

चि. ललिता,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. या खेपेला पान एकच होतं, पण ते तुझं होतं.

तू सांगितलंस, तर मीही लिहिते. हौसराव उठताना म्हणाले होते, "सारजाचा तांब्या-पेला तिथं येगळा हाय. मी डोळ्यानं बघितला. पोरीला वळण हाय." माझ्याच दारात, मला, कौतुकाने. तुला कळू नये म्हणून मी ते गाळलं. तुझ्याच डोळ्यांसमोर घडलेलं मी तुझ्यापासून लपवत होते.

तू लिहितेस, बापाची चाहूल लागताच तिने ट्रंकेतून कोरा तांब्या काढून समोर मांडला. "हा माझा, आबा. ताईचा तिकडं." आणि आबा जिना उतरतात न उतरतात तोच तुझ्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली. वर म्हणाली, "ताई, राग नका धरू." तेव्हापासून पुस्तक उघडलं की तुला अक्षरं दिसतात, वाक्य लागत नाही. राग आला नाही, असंही लिहितेस. नको येऊ दे. मला आला आहे, तो दोघींना पुरेल.

'तिला काढू का?' असं विचारलंस. काढू नकोस. दया म्हणून सांगत नाही. तू काढलीस की हौसराव तिला दुसऱ्या दिवशी माघारी नेतील आणि उन्हाळ्यातच मांडवात उभी करतील. मुलीचं शिक्षण थांबवायला त्यांना निमित्त हवंच आहे. ते आपल्या हातून मिळायला नको. भित्र्या माणसांचा मला तिटकारा आहे. पण भित्री पोरगी शिकली तर तिची भीती जाण्याचा थोडा तरी संभव असतो. तिच्या बापाचा तोही नाही.

मात्र यापुढे तिचं ओझं तुझं नव्हे. मी रजा टाकली आहे. २६ तारखेला, रविवारी येते. घ्यायला येऊ नकोस. त्या वेळी तू वाचत असशील. येरवड्याला माझी कॉलेजातली मैत्रीण तुळजाबाई असते. तुझी परीक्षा संपेपर्यंत सारजा आणि मी तिच्याकडे राहू. इंग्रजी मी घेईन. माझ्यासमोर थरथरायला सवड मिळत नाही.

तुळजाबाईच्या घरात माठ एकच आहे आणि त्यावर पेलाही एकच. हे सारजाला आधी सांग. कुठे राहते ते बापाला कळवायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं. मी चहाडी करणार नाही. पण हौसरावांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. यायचं नसेल तर तिने तसं स्वतःच्या तोंडाने म्हणावं. तुझ्या पाठीमागे लपून नव्हे.

बाकीच्यांना सांग, रडायचं असेल तर मे महिन्यात या.

आणि तू परीक्षेला बसायचंस. वर्ग कोणता मिळतो ते मी विचारणार नाही. तुझ्या आज्याला शाळेच्या ओसरीवर चढू दिलं नाही, तरी त्याने बाहेर बसून पाटी गिरवली. त्याच्या नातीला एका पितळी तांब्याने पेपराला बसू दिलं नाही, हे मी कुणाकडून ऐकून घेणार नाही. तुझ्याकडूनसुद्धा नाही.

'शारदा विचारते, मीही त्यांना आत्या म्हणू का?' असं तू ताजा कलम म्हणून घातलं आहेस. तिला निरोप दे. सध्या 'बाई' म्हणावं. सगळा गाव म्हणतो. आबांच्या समोर म्हणता येईल त्या दिवशी आत्या म्हणावं, मी ओ देईन. तोवर मी फक्त

तुझी
आत्या