सुनेला न तापणारा बंब

नंदुरबार, २ डिसेंबर १९३८

चि. सौ. जसोदा हीस सरलाअक्काचे अ. आ. वि. वि.

तू लग्न होऊन कोरीटला आलीस त्या हिवाळ्यात आपण दोघी न्हाणीत एकमेकींचे केस धूत होतो, आठवतं का? शिकेकाई तुझ्या डोळ्यांत गेली आणि तू माझ्या मायला हाका मारल्यास. बंबात काटक्या सारता सारता ती उठली आणि पदर ऊन पाण्यात बुडवून तुझे डोळे पुसत बसली. माझे केस तसेच फेसात राहिले. तेव्हा मला हेवा वाटला होता.

तुझा निरोप लोटनने बाजाराच्या दिवशी पोचवला. तुझी लेक तापी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, फार बरं वाटलं. तिला पाहायला जीव ओढतो. पण मायचं तेरावं झाल्यावर तुमच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असं मी ठरवलं, ते तुला ठाऊक आहे.

बंब तापत नाही म्हणतेस. आधी मधल्या नळीतली काजळी काढ; बांबूला चिंधी बांधून वरून फिरव. हे लोटनवर टाकू नकोस, सालदाराला शेताची घाई असते. मग रात्रभर चिंचेचं पाणी भरून ठेव. तुमच्या विहिरीचं पाणी जड, आत क्षार धरतो. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या जाळू नकोस. बंब तीन विटांवर उचलून बघ. सारं स्वतःच्या हातानं कर आणि कळव.

भाईदासला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. माया आहे तेवढी टिकव.

तुझी सरलाअक्का


कोरीट, ९ डिसेंबर १९३८

ती. सरलाअक्का यांस जसोदाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं. काजळीनं माझं तोंड असं झालं की हे मला ओळखेनात. पावशेर चिंच गेली. विटा ठेवताना बोट चेंगरलं. तरी वरून टाकलेल्या काटक्या सरळ खाली पडतात आणि जमिनीवर धुमसत राहतात. न्हाणीभर धूर आणि पाणी हिवाळ्याचंच. लोटन म्हणतो, बंब मरी गया. शेजारच्या धनुबाईला तर बोलायला निमित्तच हवं असतं. ती गावभर सांगते की बंब सासूना शे, सूनले तपत नही.

अक्का, तुम्ही कॉन्व्हेंटात मडमांच्या हाताखाली शिकलात, तुम्हांला यंत्रातलं कळतं. मी आजवर या बंबाला हात लावला नव्हता, सासूबाईच सगळं बघायच्या. चुलीवर हंडा चढवला तर भाकरी खोळंबतात. तापीचे दिवस भरत आले. ओल्या बाळंतिणीला गार पाणी कसं घालू? हिवानं पोर जाईल माझी. मागचं काही मनात असेल तर तापीकडे बघून सोडा.

पायांशी जागा असू द्या.

तुमची जसोदा


नंदुरबार, १३ डिसेंबर १९३८

चि. सौ. जसोदा हीस अ. आ. रीत आहे म्हणून लिहिते.

गेल्या संक्रांतीला मी आले तेव्हा माय हिवानं काकडत होती. मी विचारलं तर तू म्हणालीस, बंब तापत नाही, अक्का; आणि चुलीवर हंडा ठेवला तर भाकरी खोळंबतात. मायनं मला जवळ घेऊन सांगितलं की ती अंथरुणाला लागल्यापासून बंबात कोणी काडीही घातली नाही. तुला वाकायचा कंटाळा होता. पंधरा दिवसांत ती गेली.

तेराव्याला लेकीनं आईच्या वापरातली एक वस्तू उचलायची, ही आपली रीत. तू पितळेची भांडी मांडलीस आणि मी कोणत्या भांड्याला हात घालते ते बघत बसलीस. मी न्हाणीत जाऊन बंबाच्या बुडातली लोखंडी जाळी काढून आणली. तू हसलीस. म्हणालीस, शिकलेल्या बाईनं काळं लोखंड नेलं. त्या जाळीवर विस्तव बसतो, जसोदा. ती नसली तर चिंच घाल नाहीतर तूप घाल, बंब तापायचा नाही. तुला बांबू आणि विटा सांगितल्या तेव्हाही मला हे ठाऊक होतं. संक्रांतीला तू खोटं बोललीस. तुझं बोलणं मी खरं केलं.

परवा भाईदास येऊन गेला. त्याला हे सगळं सांगितलं. मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, अक्का, तू वाटशील तसं. म्हणून मायच्या वस्तू वाटते. जाळी या पत्राबरोबर लोटनच्या हाती पाठवली आहे; वाटणी पटत नसेल तर त्याच्याबरोबरच परत पाठव.

जाळी तापीची. तिनं गार पाणी का सोसावं? सव्वा महिना झाला की बंबसुद्धा तिच्याबरोबर गाडीत धानोऱ्याला, तिच्या सासरी जाईल. पितळी घंगाळ धनुबाईला दे. मायला शेवटचं ऊन पाणी तिनं आपल्या घरून आणून घातलं होतं. मायच्या गोधड्या लोटनच्या घरी पोचव.

मायचा तांब्या तुला. हौदातलं गार पाणी अंगावर घ्यायला तो पुरतो.

सरला