मैदानात उभा राहिलेला मास्तरांचा गडी

ती. आईस लेकाचा दुरून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. अंधांनाही वापरता येतील अशा वेबसाइट बनवतोय.

आई, माझ्यासोबत ऑनलाइन गेम खेळणारे मास्तर आठवतात? आम्ही कधी भेटलेलो नाही, फक्त हेडफोनवर बोलतो. काल ते मध्येच म्हणाले, "अरे, हात उचलवेना," आणि धाडकन पडल्याचा आवाज आला. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. त्यांचं गाव, खरं नाव, काहीच ठाऊक नाही गं! अखेर हेडफोनमधून एका बाईचा, बहुधा त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "कोण बोलतंय?"

"अँब्युलन्स बोलवा!" मी ओरडलो. मग सगळं शांत.

पडद्यावर त्यांचा गडी अजून तसाच उभा आहे. गेम बंद करायला माझा हात धजत नाही.

बाबांचं ब्लडप्रेशर तपासलंस का? त्यांना एकटं सोडू नकोस.

तुझा घाबरलेला,
धाकटा