रविवारचा दातुक

बाबा,

रविवारी माझ्या शब्दावर ठरणार, हे आता नक्की झालं. इथल्या एका डॉक्टर मित्राच्या बायकोनेच आज सकाळी फोन करून सांगितलं. म्हणाली, "भावजी, इथे आपल्याला वडीलधारं दुसरं आहे कोण?" मी जेमतेम पन्नाशीचा. पण १९६५-६६ च्या सुमारास आम्ही इकडे परदेशात आलो ते सगळे तिशीच्या आतबाहेरचे. म्हातारी माणसं तिकडेच राहिली. तिची मुलगी मेडिकल अर्धवट सोडून शाळेत शिकवायचं म्हणते आहे. डॉक्टर बाप महिनाभर तिच्याशी बोललेला नाही. मी सांगेन ते ऐकायचं, एवढंच त्याने कबूल केलंय. मुलीने मला एकच विचारलं, "काका, विल एनीवन आस्क मी?" तेव्हापासून मी घरभर फिरतोय. बायको म्हणते, "आजोबा, बसा जरा."

ऑफिसात मी गाड्यांची मॅन्युअल्स लिहितो. शेजारच्या टेबलावर मलेशियाचा एक इंजिनिअर बसतो. जेवताना त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, आमच्याकडे तुला दातुक म्हणतील. दातुक म्हणजे आजोबा; पण शब्द फार जुना, मुळात कुळाच्या प्रमुखाचा. सुलतान तो पदवी म्हणूनही देतो. रानात जाणारे वाघाचं नाव घेत नाहीत, त्यालाही दातुकच म्हणतात. त्याच्या आईचं माहेर सुमात्रातलं. तिथे कुळ जमून एखाद्या तिशीतल्या भाच्याला दातुक करतं, मग पिकल्या केसांचे मामासुद्धा त्याला तशीच हाक मारतात. त्याने मात्र पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही. मला तर घरात एका जागी बसवत नाही.

तुम्ही आठवलात. गावातली भांडणं तुमच्याकडे यायची. ओसरीवर सगळे तावातावाने बोलताहेत, आणि तुम्ही मध्येच उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात येता. जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती आत आईजवळ बसलेली असते. तांब्या हातात धरून तुम्ही हळूच विचारता, "तुझं काय म्हणणं आहे, बाळ?" एकदा मी मध्ये तोंड घातलं, तर म्हणालात, "तुला कोणी विचारलं नाही. तिला बोलू दे." तुम्हाला तहान फार लागते, असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं.

रविवारी दुपारी ते तिघं येतील. बायको मुलीला चहाच्या निमित्ताने आत नेईल. बाहेर बाप बोलू लागला की मी पाणी प्यायला उठेन. तिचं ऐकून परत आल्यावर त्याला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगतो: केस काळे करायची बाटली आणून आठवडा झाला, या वेळी ती उघडलेली नाही.