चौथा टाका

दि. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि कान तपासून घे म्हटलं की तू फोनच ठेवून देतेस, म्हणून पुन्हा कागद हातात घेतला. तुझी अक्षरं नेहमीसारखीच मागे रेललेली. पोस्टमनसुद्धा परवा म्हणाला की तुमचं त्या डावखुऱ्या बाईंचं पत्र आलंय.

आता बातमी. मला मोठं काम मिळालं आहे. बायकांचे कपडे बनवणारी एक नवी कंपनी आहे, तिचा लोगो करायचा. लोगो म्हणजे काय, हे तू मागे विचारून विसरली असशील. कपड्याच्या आत मानेपाशी जी पट्टी असते ना, तिच्यावरची खूण. तीच मग पाटीवर आणि पिशवीवर. लोकांनी नाव न वाचता नुसत्या खुणेवरून ओळखायचं.

कंपनीची मालकीण पस्तिशीची आहे. कमी बोलते आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघते. तिच्या कारखान्याच्या वर एक खोली आहे, लांबलचक टेबल, भिंतीशी कापडाचे तागे उभे. तिथं मी नऊ नमुने मांडले. पान, सुई, मानेचा बाक, नावाचं पहिलं अक्षर तीन तऱ्हांनी, असं बरंच काही. एकावर तर तीन दिवस नुसती खोडत बसले होते, तेव्हा तू ठेवलेलं नाव काही उगाच नाही. तिनं सगळे बघितले आणि बाजूला सारले. मग शेवटच्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं माझी सहीची खूण होती. तीच ती, डावीकडे कललेल्या तीन छोट्या रेघा, एकीपेक्षा एक उंच, आणि चौथी खाली सुटलेली. शाळेच्या वह्यांवर काढायचे तीच. ती म्हणाली, मला हे हवं आहे.

मला आकाश ठेंगणं झालं. तिनं एक कागद पुढे केला. ही खूण पूर्णपणे माझ्या मनातली आहे, कुठूनही घेतलेली नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. मी सही केली. तेव्हा तिनं विचारलं की ही मी कुठं पाहिली होती का. मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा नाही म्हणताना, का कोण जाणे, मी घाईघाईनं नमुने गोळा करायला लागले. मी काही केलेलं नाही, पण कुणी दोनदा विचारलं की मी घाबरतेच, हे तुला ठाऊक आहे.

गुडघा कसा आहे ते खरं खरं लिही. लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त असू दे.

तुझी,
खोडरबर


दि. ६ मार्च

चि. खोडरबरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. गुडघा आहे तसाच आहे. पोस्टमनला सांग, माझी अक्षरं मागे पडत नाहीत, विचार करत उभी आहेत.

एक सांगते, ऐक. ती खूण देऊ नकोस. पान काय वाईट होतं? सुईसुद्धा चांगली. बायकांच्या कपड्यांना काहीतरी शोभेचं हवं, चार रेघोट्यांना कोण विचारतं. उद्याच जा आणि बदलून घे म्हणावं. कागद फाडून टाक आणि दुसऱ्यावर सही कर.

माझ्या शिवणकामाबद्दल तिथं काही बोलली नाहीस ना? बोलू नकोस, कारण काही नाही. आणि ती मालकीण मूळची कुठली, तिची आई काय करायची, हे कळलं तर लिही. सहज विचारते आहे.

वेळेवर जेव. माझा लोभ तुला मोजून मागायला लागू नये.

मावशी


दि. ११ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

काल मालकिणीनं बोलावलं. मला वाटलं पट्टीच्या रंगाबद्दल असेल. टेबलावर सहा कपडे उलटे करून ठेवले होते. तिनं एकेकाची खालची कड उलगडून दाखवली. प्रत्येक कडेच्या आत माझी खूण होती. दोऱ्यानं घातलेली, तीन टाके चढते आणि चौथा खाली. फरक एवढाच की ते उजवीकडे कललेले होते.

ती म्हणाली, हे माझ्या आईचे टाके आहेत. तिची आई वर्षानुवर्षं घरी कपडे शिवायची आणि प्रत्येकात हे टाके घालायची. त्या टाक्यांवर मुलगी शिकली, त्यांच्याच नावानं ही कंपनी काढते आहे. मागे मी चित्र काढलेल्या बेकरीच्या डब्यावर तिला माझी सही दिसली, आणि तिनं मला त्यासाठीच बोलावलं होतं. मी खरं सांगते का, हे तिला बघायचं होतं. मी तर लिहून दिलं की ते माझं आहे. ती म्हणाली की तू नुसतं उलटं करून आपलं केलंस. आवाज जराही चढला नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली.

वीस तारखेपर्यंत खूण कुठून आणली ते सांगायचं. नाही सांगितलं तर त्या कागदाची नक्कल मी ज्यांची ज्यांची कामं करते त्या सगळ्यांकडे जाईल. मग मला कोण काम देणार? तिची आई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली उतरत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही, कारण ती मनाला लावून घेईल.

मावशी, मला खरंच आठवत नाही. लहानपणी कुठंतरी पाहिलं असेल आणि माझ्या हातानं परस्पर उचललं असेल, तर? आज बेकरीसाठी साधा पाव काढायला बसले, तर वाटलं की हाही कुणाचा तरी असणार. माझ्याच हाताची मला भीती वाटते आहे.

आणि ते जुनं स्वप्न परत पडायला लागलं. तुला कधी सांगितलं नव्हतं. मी टेबलाखाली आहे, समोर बायकांच्या पावलांची रांग आहे आणि एकही पाऊल हलत नाही. मग एकच जोडी रांगेतून निघते, तिच्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टीपिन लावलेली असते. ती गेली की मला जाग येते.

पान काढ म्हणालीस, ते तू उगाच म्हणणारी नाहीस. तुला काही माहीत असेल तर लिही. तुझ्याशिवाय मी कुणाकडे बघू?

तुझी,
खोडरबर


दि. १४ मार्च

चि. खोडरबरास,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, तरी घे.

तू काही चोरलेलं नाहीस. हे आधी दोनदा वाच. ती खूण माझी आहे.

एका मोठ्या दुकानाच्या मागे आमचं शिवणघर होतं. मी कपड्यांच्या कडा हातानं शिवायची. कड संपली की सुईत बोटभर दोरा उरतो. तो टाकून देणं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी तो कडेच्या आत संपवायची. बरोबर चार टाके व्हायचे. तीन चढायचे आणि चौथा खाली यायचा, कारण गाठ खाली असायची. डाव्या हातानं शिवते म्हणून डावीकडे कललेले. पुढे पुढे त्याची चटक लागली. कुठल्यातरी अनोळखी बाईबरोबर आपले चार टाके गावभर फिरताहेत, हे बरं वाटायचं. मालकाचा मात्र सक्त नियम होता, कपड्यावर दुकानाच्या पट्टीखेरीज कसलीही खूण नको.

एका गिऱ्हाइकाला ते टाके सापडले. कुणीतरी वापरलेला झगा आपल्या गळ्यात मारला, असं तिला वाटलं. मालकानं झगा उलटा करून टेबलावर टाकला आणि आम्हा सात जणींना रांगेत उभं केलं. तू साडेतीन वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन सहा महिने झाले होते. तुला ठेवायला जागा नाही म्हणून मी तुला कामावर न्यायची, तू कापायच्या टेबलाखाली चिंध्यांवर झोपायचीस. मालक त्यावरूनही कुरकुरत होता.

तो एकेकीला विचारत आला. मग माझ्यासमोर उभा राहिला. तेवढ्यात माझ्या शेजारची पुढे झाली. ती काज करायची, आम्ही तिला काजवालीच म्हणायचो. तिनं सांगितलं की टाके तिचे आहेत. मालकानं तिला तिथल्या तिथे काढलं. मी तोंडातून ब्र काढला नाही. तुझं स्वप्न मी तीनदा वाचलं, कारण तिच्या चपलेला सेफ्टीपिन होती. तू झोपली होतीस, असंच मी आजवर धरून चालले.

तुझ्या उशीच्या अभ्र्यातही मी ते टाके घातले होते. त्यांच्यावर अंगठा फिरवत तुला झोप लागायची. त्या दिवशी घरी आल्या आल्या मी ते उसवले. तू दोन दिवस तो कोपरा शोधत रडत होतीस. मग पेन्सिल धरायला शिकलीस आणि सगळ्यात आधी तेच काढलंस. मी पाहिलं आणि गप्प राहिले.

काजवालीकडे मी कधीच गेले नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग फार दिवस झाले म्हणून. तुझ्या मालकिणीची आई तीच असणार, पण तिच्या कपड्यांत ते टाके कसे गेले, मला कळत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी ओळखलं होतं, तरी तुला पान काढायला सांगितलं. म्हणजे मी पुन्हा तेच केलं, दुसरीला पुढे करून मागे उभी राहिले.

आज तिला पत्र टाकलं आहे, तुझ्या मालकिणीच्या पत्त्यावर. सगळं लिहिलं आहे. मला फार भीती वाटते, तुझ्यापासून ते लपवत नाही.

मावशी


दि. १७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी तुझ्यावर रागावले आहे. सेफ्टीपिनच्या त्या चपलेवरून नाही, तेव्हा मी तुझ्याजवळ होते आणि तू एकटी होतीस. पण सहा तारखेला तुला कळलं होतं, आणि तुझं हे पत्र येईपर्यंत मी स्वतःला चोर समजत होते. ते विसरायला मला वेळ लागेल.

मालकिणीकडे मी गेलेले नाही. तुझं पत्र दाखवलं तर तू सापडतेस, नाही दाखवलं तर मी. तूच तिकडे लिहिलं आहेस तर उत्तर येईपर्यंत थांबते. दारावर कुणी आलं की दचकते. अभ्र्याचा तो कोपरा मात्र मला आठवला. अंगठ्याला आठवला म्हण.

राग आहे तोवर लोभ कमी झाला, असं समजू नकोस.

खोडरबर


दि. १८ मार्च

डावरे,
स. न. वि. वि.

मला आता जवळचं दिसत नाही. मी सांगते आहे आणि मुलगी लिहिते आहे. तुझं पत्रही तिनंच वाचून दाखवलं, मधे दोनदा थांबली.

टाके तुझे आहेत हे मला तेव्हाच ठाऊक होतं. सगळ्या शिवणघरात डावा हात एकच होता, म्हणून तर तू आमची डावरी. मालकानं खूण पाहिली, पण ती कुठल्या हाताची ते त्याला दिसलं नाही. त्यानं पुन्हा नीट बघू नये म्हणून मी घाई केली. मला लगेच देवमाणूस ठरवू नकोस. माझ्या घरी नवरा कमावता होता आणि तुझ्यापाशी ती पोर होती, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पुढे त्या मालकानं सगळीकडे सांगितलं आणि एकाही दुकानानं मला दारात उभं केलं नाही, हे मात्र तेव्हा सुचलं नव्हतं.

मग घरीच शिवायला बसले. ज्या टाक्यांपायी हाकललं ते फुकट का सोडायचे, म्हणून प्रत्येक कपड्यात घातले. माझा हात उजवा, ते उजवीकडे कलले. मुलीला वाटलं, माझेच. तिला त्यांचं इतकं कौतुक की मी कधी सांगितलं नाही. तेव्हा मूग गिळून बसलेली तू एकटी नाहीस. हे लिहिताना मुलीनं पेन खाली ठेवलं होतं, आता परत घेतलं आहे.

टाक्यांचा मला राग नाही. तू आली नाहीस त्याचा आहे, आणि तो पत्रानं जाणारा नाही. संध्याकाळी येशील म्हणून मी महिनाभर दाराला कडी लावली नव्हती.

मुलगी म्हणते, तुझ्या भाचीला ती नको ते बोलली, आणि तो कागद ती तिच्यासमोर फाडणार आहे. पट्टीवर टाके कुठल्या बाजूला कललेले घालायचे, हेही विचारते. मी म्हटलं, ज्या हातानं पहिले घातले, त्या हाताचे. पण आधी तो हात इथं येऊन माझ्यापुढे टाके घालील. मला दिसायचे नाहीत, मी अंगठ्यानं बघेन. वीस तारखेला चार वाजता ये. तिसरा मजला, जिन्यात अंधार असतो, कठडा धरून ये. भीती वाटली तर वाटू दे, मलाही वाटते आहे.

लोभाचं काय ते आलीस की ठरवू.

काजवाली

ता. क. त्या दिवशी मी निघाले तेव्हा तुम्ही सहाही जणी जमिनीकडे बघत होतात. टेबलाखालची पोर जागी होती. त्या सगळ्या खोलीत एकटी तीच माझ्याकडे बघत होती. तिलाही घेऊन ये.